बाजाराच्या दिवशीची हजेरी

अमरावती
२० मार्च २०२५

प्रिय शकुन,

डोळ्यांवरची पट्टी निघाली का? निघाली असेल तरच हे पत्र उघड. तुझ्या श्यामकडून वाचून घेऊ नकोस.

मामांच्या ओट्यावरची एक सकाळ सारखी आठवते आहे. सुट्टीत मी कॉन्व्हेंटमधून आलेली, पायांत पांढरे मोजे. तू कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतीस आणि मी तुला इंग्रजी कविता म्हणून दाखवत होते. तू सगळी ऐकून घेतलीस आणि विचारलंस, "पाऊणकी येते काय तुले?" पाऊणचा पाढा मला येत नव्हता. तू तो गावच्या शाळेत शिकली होतीस.

ती शाळा वाचली, शकुन. बंद होणार नाही. तुझ्या नातीला, आचलला, आता नाला ओलांडून दुसऱ्या गावी जावं लागणार नाही.

तू संक्रांतीपासून अकोल्याला आहेस, म्हणून तुला सगळं कळलं नसेल. पाहणीला समिती आली आणि सव्वीस मुलांपैकी सातच मोजून गेली, एवढं तू ऐकलंस. समितीत कोण होतं ते तुझ्या सुनेनं, रागिणीनं, तुला सांगितलं नाही. मीच तिला गप्प बसवलं होतं.

शाळा बंद करा म्हणणाऱ्या त्या कागदावर माझी सही आहे.

निवृत्त शिक्षिका म्हणून मला घेतलं होतं. रिकामे बाक पाहिले आणि मनात म्हटलं, इथल्या लोकांना शाळेची पर्वाच नाही. चौथ्या दिवशी तुझी सून माझ्या दारात उभी. चहाला हात लावला नाही.

"मावशी, बाजाराच्या दिवशी अख्खं गाव बार्शीटाकळीले राह्यते. लहान्यांले सांभाळाले मोठे पोरं संग जातात. कोणाले इचारलं काय तुमी?"

नव्हतं विचारलं. त्याच बाजारात तुझ्याशेजारी गोणपाटावर बसून मी जुड्या विकल्या होत्या. मला तरी विसरायचा हक्क नव्हता.

मी लेखी चूक कबूल केली आणि पुन्हा मोजणी मागितली, तीही बाजाराच्याच दिवशी. तिकडे गावात रागिणीनं आज्यांच्या पाळ्या लावल्या. दर बाजाराला दोघी घरी थांबतील, लहानग्यांना सांभाळतील. मोतीरामची आई म्हणाली, "मी नाई गेली त वांगे काई रडत नाई."

गेल्या आठवड्यात मोजणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. देवानंद गुरुजींनी हजेरी घेतली. सव्वीसच्या सव्वीस हजर. शिवाय इंग्रजी शाळेच्या गाडीतून कायमची उतरवलेली दोघं. अठ्ठावीस! साहेबांनी आचलला काही म्हणायला सांगितलं. तिनं पाऊणकी म्हटली, थेट तुझ्या सुरात. कोणी शिकवली, हे मी विचारलं नाही.

पिशवी पाठवते आहे. माझी कंपासपेटी आचलला. जाडा शब्दकोश गुरुजींच्या कपाटात. निळं लुगडं मोतीरामच्या आईला, रागिणीला माझं घड्याळ. पाकिटात त्या सहीच्या कागदाची प्रत आहे, ती तुझी. फाड किंवा जपून ठेव, मी काही म्हणणार नाही.

पुढच्या बाजाराला एक पाळी माझी आहे. रागिणीनंच लावली.

पाऊणकी शिकायची राहिलेली,
तुझी नलू