चालू वर्तमानकाळ आणि टॉवेल-टोपी

तीर्थस्वरूप त्रिवेणीआक्कास धाकट्या शिवकांतचा शरणार्थ.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींची ड्यूटी अजून रात्रीचीच आहे का? आम्ही इकडे गंगाखेडला खुशाल आहोत. आईही बरी आहे, फक्त फोन वाजला की सगळ्यांच्या आधी उठते आणि तुझा नाही म्हटल्यावर परत बसते. गेल्या नागपंचमीला तू चिडून पूर्णेला गेलीस, त्याला आता वर्ष होत आलं. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. (पोस्टमनवर तर तुझा राग नाही ना?) भांडण कशावरून झालं ते तुलाही ठाऊक आहे. तीस वर्षं पोरांकडून काळांचे तक्ते घोकून घेतलेस, पण इंग्रजी बोलणारं एक पोर तयार झालं नाही, असं मी भर पंगतीत म्हणालो. म्हणायला नको होतं. आता माझ्या नव्या पद्धतीचं काय झालं ते ऐक, तुला बरं वाटेल.

आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं की वर्गात मराठी बोलायची नाही, प्रत्येक वाक्य करून दाखवायचं. मीही झपाटल्यासारखा कामाला लागलो. खिडकी उघडत 'आय ॲम ओपनिंग द विंडो', पाणी पीत 'आय ॲम ड्रिंकिंग वॉटर' (एका तासात सात पेले झाले, आठवा पोरांनीच अडवला). आपल्याकडे चालू वर्तमानकाळ शिकवणं तसं सोपं, कारण उघडतोय, पितोय, जातोय यांना आपलं उघडायलाय, प्यायलाय, जायलाय हे पोरं पाळण्यातच शिकून येतात. तर गेल्या मंगळवारी 'जाणे' हे क्रियापद आलं. मी पिशवी खांद्याला अडकवली, हात हलवला, 'आय ॲम गोइंग' म्हणत दाराबाहेर पडलो आणि थेट लिंबाच्या झाडापर्यंत गेलो. परत येऊन पाहतो तर माझ्यामागून ते वाक्य म्हणायला कुणी तयार नाही. मी पुन्हा गेलो. पोरांनी म्हणावं म्हणून एकेकाला दाराबाहेर पाठवलं, तर सगळी 'आय ॲम कमिंग' म्हणत बाहेर जाऊ लागली. मी मान हलवून नाही म्हणत होतो (मराठी बंद, दुसरं काय करणार?). शेवटी चौथीतली सृष्टी उठली आणि म्हणाली, "सर, निघताना जातो म्हणू नै. येतो म्हणावं. जातो म्हणणारं माणूस परत येत न्हाई."

खरं सांगतो आक्का, मी पिशवी काढून खुर्चीवर बसलो. तुझ्या तक्त्यात हे कुठेच नव्हतं, पण माझ्या प्रशिक्षणातही नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण पोरांनी दुपारी जेवायला घरी जाऊन सांगितलं की सर पिशवी घेऊन दोनदा गेले आणि हातही हलवला. त्याचा अर्थ गावाने लावला, बदली. तीनच्या सुमाराला शाळा समितीच्या सुलाबाई चार बायका घेऊन आल्या, ताटात नारळ, टॉवेल आणि टोपी. "तुमी जायलाव म्हणे गुरुजी," म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. मी त्यांना क्रियापद समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, कारण आणलेला आहेर परत न्यायचा नसतो. टोपी मला मोठी होते. नारळाच्या वड्या आईने केल्या. छान झाल्या आहेत, पण तिने स्वतः एकही खाल्ली नाही.

भावजींना नमस्कार.

तुझा,
शिवकांत

ता. क. तुझे काळांचे तक्ते अजून ट्रंकेत असतील तर मला हवे आहेत. पोरांना करून दाखवता येतं, पण आपण काय करतोय ते तक्त्याशिवाय मलाच कळत नाही. पोस्टाने मात्र पाठवू नकोस, फाटतील. कुणीतरी हाताने आणून दिलेले बरे.

ता. क. २. गेल्या पंचमीला उंबऱ्यावरून तू 'जाते मी' म्हणालीस. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही, व्याकरण तर बरोबरच होतं. आईने मात्र ते ऐकलं होतं, आणि ती वर्षभर का उठते-बसते ते मला चौथीतल्या पोरीने शिकवलं. पंचमी आठ दिवसांवर आली आहे. फार लिहू नकोस, 'आय ॲम कमिंग' एवढंच कळव. आपल्या अर्थाने नको, इंग्रजी अर्थाने.