झुकलेला शिक्का

१ ऑक्टोबर २००२, मंगळवार

अध्यक्षसाहेबांनी बोलावलं. मार्चअखेर कंपनीला पंचवीस वर्षं होतात, इतिहासाचं पुस्तक काढायचंय, तुम्हीच लिहा म्हणाले. साठ जणांतून मीच! लोखंड गरम होतं. म्हटलं, इतिहास मनासारखा झाला तर माझ्या 'धुक्यातला दीपस्तंभ' या गेमचा दुसरा भाग करू द्याल का? अकरा वर्षं हेच मागतोय. साहेबांनी खिडकीतून बराच वेळ नदीकडे बघितलं आणि म्हणाले, सकारात्मक विचार करू.

म्हणजे मिळाला!

घरी सायोको मुळा किसत होती. म्हणाली, अहो, सकारात्मक विचार करू म्हणजे नाही. तुमच्या आधीच्या स्थळाला आमच्या बाबांनी हेच सांगितलं होतं. हिला कंपनीतलं काय कळतंय!

३ ऑक्टोबर

तळमजल्यावर स्वतंत्र खोली मिळाली. खिडकी नाही, पण इतिहासकाराला एकांत हवाच. ऑफिस सांभाळणाऱ्या मिझोगुचीबाई म्हणाल्या, कुसाकासाहेब, गोडाऊन आहे हो ते. चारी भिंतींना 'दीपस्तंभ'ची न खपलेली खोकी. प्रेरणादायी वातावरण.

संकल्प : रोज पाच पानं.

२५ ऑक्टोबर

एकूण पानं चार. पण पाया पक्का झाला. संस्थापक थोरले साहेब मूळचे सुतार. ओसाकातल्या कॉफीच्या दुकानांना टेबलं करून द्यायचे. १९७८ साली त्यांनी एका टेबलात पडदा आणि गेम बसवला. गिऱ्हाईकं नाण्यांवर नाणी टाकत बसली, कॉफी गार झाली आणि आमची 'आसानागी' कंपनी जन्माला आली. वाचून स्वतःच भारावलो, म्हणून लवकर घरी आलो.

१५ नोव्हेंबर

इमाएदा डोकावला. आम्ही एकाच वर्षी लागलो. त्याचा 'बेडूकराव' बारा लाख खपला, माझा 'दीपस्तंभ' चार हजार शंभर. पण इतिहास आकड्यांनी लिहीत नाहीत. 'दीपस्तंभ'ला सेहेचाळीस पानं दिलीत, 'बेडूकराव'ला दीड. इमाएदानं चाळून बघितलं आणि म्हणाला, अरे, माझ्या बेडकाचं डबकं तरी ठेवायचंस! मग एकदम गंभीर झाला. म्हणाला, कुसाका, जरा वर येऊन बसत जा रे, वर बरंच काय काय चाललंय. जळतोय बिचारा.

१८ डिसेंबर, सकाळी १०.४०

मिझोगुचीबाई कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, हे नीट वाचा, घरी न्या, दोन दिवस विचार करा. मी हसलो. वीस वर्षं सहीऐवजी नावाचे शिक्के मारतोय, विचार कसला करायचा? हाताखालच्यानं आपला शिक्का साहेबांच्या शिक्क्याकडे किंचित झुकवून मारावा, नमस्कार केल्यासारखा. नवी पोरं सरळ ठोकतात, खिळा मारल्यासारखा. माझ्यासारखा झुकलेला शिक्का अख्ख्या ओसाकात कुणाचा नसेल.

कागदावर माझ्यासाठी दोन चौकटी. उजवीकडची साहेबांच्या शिक्क्यापासून हातभर लांब, तिथून नमस्कार पोचणार कसा? डावीकडची अगदी खेटून. अर्थातच डावीकडे मारला. पंधरा अंश. सुरेख उठला! बाई कागदाकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, नक्की ना? कौतुक लपत नव्हतं.

६ जानेवारी २००३, सोमवार

नवीन वर्षातला ऑफिसचा पहिला दिवस. सगळे देवाच्या फळीसमोर हात जोडायला जमलो तर फळीच नाही. भिंतीवर नुसता पांढरा चौकोन. तरी सगळ्यांनी त्या चौकोनालाच हात जोडले. रंगकाम काढलं असणार.

दुपारी इमाएदानं जेवायला नेलं. बिल त्यानं दिलं, हे वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, तू धाडसी निघालास बाबा, मला नसतं जमलं. शेवटी सेहेचाळीस पानांचं मोल कळलं तर!

२९ जानेवारी

दारातल्या कुंड्या गेल्या. माशांची टाकी गेली. कॉफीचं मशीनही गेलं, खाली जमिनीवर धुळीचा चौकोन. पंचविसाव्या वर्षासाठी नवीन आणणार असतील. पानं : एकशे दोन. शेवटचं प्रकरण 'उद्याची आसानागी' झकास जमलंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बायका ऑफिसातल्या पुरुषांना रीत म्हणून चॉकलेट देतात. दर वर्षी मला दोन मिळतात, यंदा अकरा! ग्राफिक्सची मुलगी देताना रडली. माझं वय बघता असलं काही बरं नव्हे. सायोकोला सांगितलं नाही.

पांढरे हातमोजे घातलेली तीन माणसं न बोलता फिरत होती. प्रत्येक वस्तूला नंबर चिकटवत होती. माझी खुर्ची २१४. बहुधा भूकंपाच्या तयारीसाठी. मी विचारलं, मला नाही का नंबर? ते एकमेकांकडे बघून हसले. मीही हसलो.

३ मार्च

वर गेलो होतो. एका टेबलावरचा फोन वाजत होता, उचलायला माणूस नव्हता. दुसरा वाजला, तिथंही नव्हता. मिझोगुचीबाई म्हणाल्या, सगळे टोकियोला गेलेत. ट्रेनिंग असणार. एवढ्या मोठ्या ट्रेनिंगला मला कसं विसरले? पुस्तकासाठीच मागे ठेवलं असणार. खाली आलो आणि आतून कडी लावली. एकाग्रतेसाठी.

२० मार्च, गुरुवार

छापखान्यातून तपासायला पानं आली. 'उद्याची आसानागी' गायब. शेवटी मी न लिहिलेली ओळ : '३१ मार्च २००३. कंपनी विसर्जित. गेम्सचे हक्क व कर्मचारी टोकियोच्या कंपनीकडे.' ढळढळीत चूक! लाल पेनानं खोडली आणि मिझोगुचीबाईंकडे गेलो. त्यांनी दार लावलं. डिसेंबरचा कागद पुढे ठेवला.

उजवी चौकट : टोकियोला जाणार. डावी चौकट : स्वेच्छानिवृत्ती.

डावीकडे माझा शिक्का. अजूनही सुरेखच दिसत होता.

तसाच अध्यक्षसाहेबांकडे धावलो. म्हटलं, चूक झाली, मी वाचलंच नव्हतं. साहेब खुर्चीत खचलेच. म्हणाले, अहो, टोकियोवाल्यांना मी 'दीपस्तंभ'चा दुसरा भाग गळ्यात मारला होता. दिग्दर्शक म्हणून तुमचंच नाव. मग हा कागद आला. इतका वाकलेला शिक्का मी जन्मात पाहिला नव्हता. मला वाटलं, कुसाका नव्यांसाठी जागा सोडतोय, शेवटचा नमस्कार करतोय. मी रडलो हो त्या दिवशी!

आता काही होईल का, विचारलं. त्यांनी नदीकडे बघितलं. सकारात्मक विचार करू, म्हणाले.

या वेळी मला अर्थ कळला. जिन्यात बसून पोटभर रडलो.

३१ मार्च, सोमवार

'दीपस्तंभ'चा दुसरा भाग इमाएदा करणार. फोन करून म्हणाला, अरे, तुझी सेहेचाळीस पानं पाठव ना, मला तो खेळ कधी कळलाच नव्हता. पाठवली.

खुर्ची नंबर २१४ सकाळीच टोकियोला रवाना झाली. शेवटचा कागद मी उभ्यानं घेतला : ओळखपत्र परत केल्याची पावती. चार वेळा वाचला. मागची बाजूही वाचली. मग ठरवलं, आज शिक्का ताठ मारायचा, अगदी खिळ्यासारखा. साहेबांची चौकट या वेळी रिकामीच होती. दोन्ही हातांनी धरला, श्वास रोखला, मारला.

झुकला.