संत्र्याची साल

पुसद, ९ एप्रिल, संध्याकाळ

आज लेकीशी खोटं बोललो. तेही कॉफीवरून.

वैशू ओडिशातल्या कोरापूटच्या डोंगरात कॉफीच्या मळ्यावर कामाला गेली, तेव्हा मी तिला नाही नाही ते बोललो होतो. त्यानंतर दोन वर्षं अबोला. परवा तिचं पाकीट आलं, दोनच कपांपुरतं. बिया तिने स्वतः वाळवलेल्या, भाजलेल्या, दळलेल्या. पाकिटावर एकाच डोंगराचं नाव, त्याची उंची आणि चव: संत्र्याची साल, गूळ.

आणि मी काय केलं? तिची आई होती तेव्हा करायची तशी सगळी पूड दुधात उकळली, साखर घातली, वर जायफळ किसलं. प्यायलो तर नुसतं जायफळ.

मग तिचा फोन आला. मी सुरूच झालो. डोंगराचं नाव छापता, मग फळं तोडणाऱ्या बायांची नावं कुठं आहेत? चांगली दहा मिनिटं. मुद्दा खरा आहे, उद्याही मांडीन. पण तिच्यापुढे, आजच कशाला?

"बाबा, भाषण राहू द्या. तुमाले संत्रं लागलं काय?"

"लागलं ना."

"दुधात उकळली असंन तुम्ही. मंग नाही लागत ते." चिडली नव्हती, हेच सलतंय.

आत्ता रिकाम्या पाकिटात नाक घातलं. संत्र्याची साल होती तिथे, नुकतीच सोलल्यासारखी. लगेच फोन लावला. तिने उचललाही.

"बोला, बाबा."

"वैशू, संत्रं आत्ता लागलं, रिकाम्या पाकिटात."