परातीवरची ओळ

नाना, पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, हे आता रोजचंच झालंय. त्यांचं रोजचं असेल, माझी पहिलीच वेळ आहे. म्हणून दोन्ही मुलांसाठी चार शब्द लिहून ठेवावेत असं मनात आलं आणि रोज दुपारी मी कागद घेऊन बसतेय. तुमच्यावर माझा फार जीव आहे, एवढंच लिहायचं. पण हात वळतो भलतीकडे. मोटर बंद करायला विसरू नका, बाबांच्या बीपीच्या गोळ्या फ्रिजवर आहेत, लॉकरची किल्ली तांदळाच्या डब्यात आहे. वाचून बघितलं तर शेजारणीवर घर सोपवून गावाला निघालेल्या बाईची चिठ्ठी. मुलीला फोनवर सांगितलं तर ती घाबरली, असलं काही लिहू नकोस म्हणाली. मुलगा म्हणाला, व्हॉट्सॲपवर टाक ना.

तेव्हा तुमची आठवण आली. तुम्हीही आम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आठवडाभर सातपूरच्या कंपनीत लोखंडाशी झटायचं आणि रविवारी गॅलरीत पोतं अंथरून कॉलनीभरच्या भांड्यांवर नावं घालत बसायचं. छोटी छिन्नी, छोटी हातोडी, ठिपक्याला ठिपका जोडून एकेक अक्षर. आई म्हणायची, या माणसाला मोकळं सोडलं तर माझ्या कपाळावरही नाव घालतील. माझं लग्न ठरलं तेव्हा रुखवतात मांडायची भांडी तुम्ही दार लावून केलीत. लोक मुलीचं नाव घालतात, तारीख घालतात, सप्रेम भेट लिहितात. तुम्ही यातलं काहीच घातलं नाहीत. दुधाच्या पातेल्यावर लिहिलंत, 'उतू गेलं तरी रडू नको.' आणि कणकेच्या परातीच्या काठावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, 'हात दुखले तर दोघांनी मळा.'

रुखवत बघायला आलेल्या आतेसासूबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मुलाकडच्या बायका आधी हसल्या, मग सासूबाईंच्या तोंडाकडे बघून गप्प झाल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. आईने तुम्हाला मांडवामागे गाठलं. तिचं सायखेड्याचं बोलणं अशा वेळी उसळून बाहेर यायचं. "लग्नाच्या भांड्यावर कोण असं लिहितं व्हय? कागदावर लिहून द्यायचं व्हतं पोरीला." तुम्ही पानाला चुना लावत होता. मान वर न करता म्हणालात, "कागद पेटीत जातो. परात रोज हातात येती."

हातात रोज यायची खरी, पण सासूबाई ती अशी ठेवायच्या की ओळ भिंतीकडे जाईल. तुमच्या जावयांनी तर ती ओळ कधी वाचलीच नाही असं मी धरून चालले. पाण्याचा पेलासुद्धा हातात लागायचा त्यांना. मी मनात तुम्हाला खूप बोल लावले, नाना. लोकांत शोभा झाली ती झाली, आणि कणीक मळायला मी एकटीच.

मग तुम्ही गेलात. तुमचं तेरावं उरकून आम्ही घरी आलो, त्या संध्याकाळी मी ओट्याशी उभी आहे. परातीत पीठ काढलंय आणि पुढे काय करायचं तेच सुचत नाही. हे आत येतात. परात माझ्यापुढून ओढतात, बाह्या वर सारतात आणि मळायला लागतात. पाणी जास्त होतं, मग पीठ, मग पुन्हा पाणी, मनगटापर्यंत सगळं चिकटलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नानांनी लिहून ठेवलंय." त्या पोळ्या पापडासारख्या झाल्या होत्या. आम्ही दोघांनी सगळ्या खाल्ल्या. तेरा दिवस माझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, त्या रात्री मी पोटभर रडले. मेलेला माणूस असा वेळेवर धावून येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

म्हणून काल कागद ठेवला बाजूला आणि भांडीबाजारात गेले. दोन स्टीलची पातेली घेतली. तिथल्या माणसाकडे आता विजेचं मशीन आहे, तुमच्यासारखी टकटक नाही, नुसतं घूंघूं. नाव काय घालायचं, त्याने विचारलं. मी म्हटलं, नाव नको. मुलीच्या पातेल्यावर लिही, 'आधी तू जेव.' मुलाच्या पातेल्यावर, 'फोन राहिला तरी चालेल, जेवण राहायला नको.' त्याने मशीन थांबवून माझ्याकडे बघितलं. "मावशी, खाली आईकडून असं टाकू का?" मी म्हटलं, नको, ओळखतील.

हे मात्र मी कागदावरच लिहिलं, तुम्हाला पाठवणार तरी कुठे? पेटीत जाईल. एक सांगायचं राहिलं. परात मुलीने कधीचीच मागून ठेवली आहे आणि या खेपेला देऊन टाकायची असं मी ठरवलंही होतं. नाही दिली. मला भीती वाटतेय, नाना. मला घरी परत यायचंय. ऑपरेशननंतर काही महिने हातांवर जोर टाकायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणजे कणीक यांनाच मळावी लागणार. आज परात धुतली आणि ओळ यांच्याकडे येईल अशी ठेवली.