रुग्ण सहकार्य करत नाही

कर्वेनगर, पुणे
१४ जुलै २०२५

चि. स्वराली हिस अनेक आशीर्वाद.

मी फोन उचलत नाही म्हणून तू बाबांच्या मागे लागली आहेस, असं कळलं. उचलून करू काय? उजवा गाल पुरीसारखा फुगलाय, तोंड जेमतेम बोटभर उघडतं. हाताला काही झालेलं नाही, म्हणून हे पत्र. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या बाईच्या मुलीने पत्राला नाक मुरडू नये.

शनिवारी दाढ काढायला गेले होते, खालची, अगदी मागची. आपल्या चौकातला तो नवा दवाखाना, काचेचं दार, आत माशांची पेटी. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पाच मिनिटं मोबाइल बघितला आणि चिमटा घातला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात वर केला, तर म्हणाले की काकू, हे दुखत नाही, नुसता दाब जाणवतो. दाढ माझी, जबडा माझा, आणि दुखतंय की नाही ते ठरवणार हे. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्यांचं मनगट धरलं, तर हातमोजे काढून म्हणाले की तुम्ही मनाची तयारी करून आला नाहीत. अर्धवट हललेली दाढ तशीच ठेवून मला घरी पाठवलं.

कागदावर इंग्रजीत लिहिलंय की रुग्ण सहकार्य करत नाही. खिडकीवर कुणी पार्सल मिळालं नाही म्हणून आलं, की आम्ही उठून शोधायला लागायचो. तुम्हाला मिळालंय, तुमच्या मनाची तयारी नाही, असं मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पेपरात नाव आलं असतं.

तुझे बाबा बाहेर बसले होते. त्यांचं म्हणणं, जरा सोसायला हवं होतं. दोन दिवस घरात फक्त पेज होते आहे, दोघांनाही. दुखणं माझं असलं तरी सोसणं वाटून घेऊ.

खरं सांगू, चिमट्याचं एवढं नाही. जीव जायची वेळ आली असताना समोरच्याने आपल्याला खोटं ठरवावं, याचा संताप जात नाही. मी पुन्हा कुठल्याही डॉक्टरच्या त्या खुर्चीत बसणार नाही. गाल फुटला तरी बेहत्तर.

कळावे. लोभ आहे तसा राहू दे, आणि जरा सोस असं तू तरी लिहू नकोस.
तुझी,
आई


कोल्हापूर
१८ जुलै २०२५

तीर्थरूप सौ. आईस स्वरालीचा सा. न. वि. वि.

गाल फुटला तरी बेहत्तर, हे मला मुळीच आवडलेलं नाही. म्हणून प्रियदर्शनीला फोन केला. माझ्या वर्गातली, आता वाघोलीत दातांची डॉक्टर आहे. ती म्हणाली की काकूंचं काही चुकलेलं नाही. आत पू झालेला असला की त्या जागेची आम्लता वाढते आणि सुन्न करणारं औषध दाताच्या नसेपर्यंत नीट पोचत नाही. काही जणांच्या खालच्या दाढेला दुसरीकडूनही नसेचा फाटा येतो, मग एका जागी टोचून भागत नाही. भीतीनेही फरक पडतो. आणि काही घरांत हे औषध मुळातच कमी लागू पडतं, ते का, हे अजून नीट कळलेलं नाही म्हणे.

मग तिने विचारलं की घरात आणखी कुणाला असं झालंय का. आई, मी म्हटलं, हो, मला.

तुला आठवतंय का बघ. मी पाचवीत होते, दाढ किडली होती. इंजेक्शन दिल्यावरही दुखतंय म्हणून मी ओरडत होते. तू माझे दोन्ही हात खुर्चीला दाबून धरलेस आणि डॉक्टरांना सांगितलंस की तुम्ही काढा, ही पहिल्यापासून नाटकी आहे. त्यांनी काढली. येताना तू मला आइस्क्रीम दिलंस आणि मग वर्षभर पाहुण्यांपुढे माझ्या ओरडण्याची नक्कल केलीस.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. नंतर इतका राग आला की लॅबमध्ये मातीच्या नमुन्यांना भलतीच लेबलं लावली. तुला एका शनिवारी कुणी खोटं ठरवलं तर एवढं लांबलचक पत्र. मला वीस वर्षं झाली.

तेव्हापासून मी दातांच्या डॉक्टरकडे गेलेले नाही. गेलं दीड वर्ष डाव्या बाजूने जेवते. उजव्या दाढेला भोक आहे. महिन्यातून एकदा सूज येते, गोळ्या घेते, उतरते, आणि तुला फोनवर मजेत आहे म्हणून सांगते. प्रियदर्शनी म्हणाली की असंच चाललं तर सूज गळ्यापर्यंत जाईल, मग थेट हॉस्पिटल. मला सगळं कळतं, पण पाय उचलत नाही.

तू मात्र मंगळवारी वाघोलीला जा. तिने वेळ राखून ठेवली आहे.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही तुझ्याकडूनच आले आहेत, तेव्हा सांभाळून घे.
स्वराली


कर्वेनगर, पुणे
३० जुलै २०२५

चि. स्वराली हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. तीनदा तुझ्यावरच चिडले. तेव्हा सगळ्याच आया असं करायच्या, मला रजा एकाच दिवसाची होती, मला काय ठाऊक, अशी उत्तरंही जुळवून ठेवली. चौथ्यांदा वाचलं आणि त्यातलं एकही लिहावंसं वाटेना.

वाघोलीला गेले. प्रियदर्शनीने आधी पाच दिवस पू उतरायचं औषध दिलं. काल दोन ठिकाणी टोचलं, पंधरा मिनिटं थांबली, मग गार केलेला कापूस दाढेला लावून विचारलं. मी म्हटलं, अजून थोडं कळतंय. तिने वाद न घालता दुसरं औषध भरलं आणि पुन्हा थांबली. दाढ निघाल्याचं मला तिने दाखवल्यावर कळलं. मी तिथेच रडले. एवढं सोपं होतं ते, विचारायचं आणि थांबायचं.

चौकातल्या डॉक्टरांवरचा राग गेलेला नाही. त्या कागदावरचं वाक्य खोडा, असं लेखी देऊन आले आहे. पण बाळा, त्यांनी निदान दाढ तशीच सोडली. मी तुझे हात सोडले नाहीत.

माझं चुकलं. बाबांना सांगितलं. ज्या मुक्ताईमावशीपुढे सगळ्यात जास्त नकला केल्या, तिलाही फोन करून सांगितलं की पोरगी खरं बोलत होती.

आता तू ये. मी बरोबर येते, खुर्चीजवळ उभी राहते. दाढ अशी ठेवू नकोस, मला झोप लागत नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
आई


कोल्हापूर
४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप सौ. आईस सा. न. वि. वि.

मुक्ताईमावशीचा फोन आला होता. तीही रडली, मग मीही.

अकरा तारखेची वेळ घेतली आहे. पू उतरायची औषधं आजपासून सुरू केली. आदल्या रात्रीच्या गाडीने येईन, स्टेशनवर बाबांना पाठव.

तू वाघोलीला चल, पण आत यायचं नाहीस. खुर्चीजवळ तू उभी आहेस हे मला अजून चालणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. बाहेरच्या बाकावर बस. दार उघडं ठेवायला सांगितलं आहे. मी ओरडले तर उठून दारापर्यंत ये आणि डॉक्टरांना एवढंच सांग, की ती खरं बोलते.

तुझी,
स्वराली