ठकी तुमची नात आहे

प्रिय बाबा,

फोनवर बोलायला लागले की तुमच्या चष्म्यांच्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं आणि तुम्ही फोन ठेवता, म्हणून लिहितेय. पूर्ण वाचा. आणि स्वतःचा चष्मा लावून वाचा, गिऱ्हाइकासाठी घासून ठेवलेला नको.

ठकी तुमची तीन महिन्यांची नात आहे. आपली गेलेली आई तिच्या रूपाने परत जन्मलेली नाही. किती वेळा सांगू? गालाखाली मूठ घेऊन झोपते, म्हणे आईसारखी. डावी भुवई उडवते, म्हणे आईसारखी. तुम्ही गायला लागलात की भोकाड पसरते, तेव्हा तर तुमची खात्रीच पटली. अहो, तुमचं गाणं ऐकून समोरचं कुत्रंही रडतं. त्याच्यात कोण आलंय म्हणे?

गेल्या आठवड्यात तर कहर केलात. मी आंघोळीला गेले तेवढ्यात पाळण्यापाशी बसून चष्म्यांचं कपाट खिडकीकडे हलवायचं ते जुनं भांडण उकरून काढलंत. ठकी हसली, आणि आईने शेवटी हो म्हटलं असं तुम्ही जाहीर केलंत! उभ्या संसारात आईपुढे कधी जिंकला नाहीत, आणि आता बोळक्या तोंडाच्या पोरीवर मर्दुमकी. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून कपाट हलवलंतसुद्धा. आता दुपारी उन्हाने काचा तापतात ना? आई हेच सांगत होती.

मी तुम्हा दोघांच्या वादातच वाढले. आई रविवारी चर्चमध्ये, तुम्ही बाहेर बाकावर पेपर वाचत. ती म्हणायची, जन्म एकच, मग देवाघरी विसावा, आणि शेवटच्या दिवशी सगळे पुन्हा उठणार, अंगासकट. तुम्ही विचारायचात, दुखऱ्या गुडघ्यासकट का? त्यावर तिचं उत्तर, देवाला गुडघा बरा करता येतो, त्याला तुमच्यासारखं भिंग बदलून भागवावं लागत नाही. तुम्ही खुशाल जन्मामागून जन्म घेत मुंगी-माकड होत फिरा, मी वर जागा धरून ठेवते. मग तुम्ही दोघंही हसत सुटायचात, आणि मला वाटायचं, हा वाद कधी सुटूच नये.

बरं, तुमचंच खरं धरू. आई गेली तेव्हा ठकी माझ्या पोटात होती ना? शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात आईने खाटेवरून हात लांबवून माझ्या पोटावर ठेवला. ठकीने अशी लाथ मारली की आई खदखदून हसली, नर्स धावत आली. त्या दोघींची भेट झालीय, बाबा. ती आजी होऊन गेली. तुम्ही म्हणता, जीव अगदी जन्माच्या क्षणी आत शिरतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

हेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण काल आईच्या थडग्यावर गेले. गवत गुडघ्याएवढं, फुलदाणीत काळं पाणी. तिथला माळी म्हणाला, ठकी झाल्यापासून तुम्ही फिरकलाच नाहीत. फोनवर जाब विचारला, तर शांतपणे म्हणालात, काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? मी फोन आपटला. अजून माझा राग गेलेला नाही.

पण तो राग तुमच्या एकट्यावरचा नाही. काल घरी आल्यावर मीही पाळण्यावर वाकले आणि हळूच विचारलं, आई, मला ओळखलंस का? ठकीने माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे बघत राहिली. मी तिथेच फरशीवर बसून रडले. तुमचं खरं असेल, तर आई माझ्या घरात आहे आणि तिला मी आठवत नाही. तिचं खरं असेल, तर ती फार लांब आहे, पण तिला मी आठवते. तुम्हाला ती जवळ असली की पुरतं. मला नाही पुरत, बाबा. म्हणून हे लिहिलं. रविवारी सकाळी ठकीला घेऊन मी थडग्यापाशी येतेय. तुम्ही विळा घेऊन या. गवत काढून झालं की ठकीला हातात घ्या आणि तिला सांगा, ही तुझी आजी. तेवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे.

तुमचीच,
तुम्हा दोघांची लेक