दार उघडं आणि लिफ्ट चालू

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? भाऊजींचा खोकला हटला का? इकडे सगळे धडधाकट आहेत. प्रोग्राममधल्या एका ओळीची खरी किंमत आधीच सांगून टाकतो: इन्स्पेक्टरसाहेबांचा डावा बूट, माझा घसा आणि तुझ्या लेकीचा राजीनामा.

आमच्या कारखान्यात लिफ्टचा मेंदू बनतो हे तुला ठाऊक आहेच. तुझी लेक त्यातलं सगळ्यात तळाचं काम बघते, कर्नलचं (फौजेतला नव्हे). म्हणजे थेट चिपशी बोलायचं. चिपमध्ये छोटे छोटे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. दार उघडं राहिलं की चिप एका कप्प्यात खूण करते. पोरीचा प्रोग्राम ती वाचतो, वर बोंब मारतो आणि मोटर थांबते. खोड एकच, खूण वाचली की पुसली जाते. (थेट तुझ्या सासूबाई! तक्रार एकदाच सांगणार, पुन्हा विचारलं की, "कुठे काय?")

मंगळवारी साहेब तपासणीला आले. दार उघडं, त्यांचा एक पाय आत, एक बाहेर. एवढ्यात माझ्या कानांनी ब्रेक सुटल्याचा बारीक 'टक' टिपला. (हे कान नसते तर आज मी पत्र तुरुंगातून लिहिलं असतं.) "साहेब, पाय!" म्हणून ओरडलो. साहेब अख्खे आत आले, बूट फटीतून खाली गेला आणि लिफ्ट उघड्या दारानिशी हातभर वर! ताई, गेल्या अकरा वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. माझी तर वाचाच बसली.

वाचा परत आली ती नको तेवढी आली. सगळ्यांदेखत पोरीला फैलावर घेतलं. ती पांढरीफटक पडून म्हणाली, "मामा, कप्प्यात शून्य होतं. आमच्यात शून्य म्हणजे सगळं ठीक."

"कुठल्या शाळेत गं शून्याला पास करतात?" मी म्हणालो. सगळे हसले, तेच तिला लागलं. वर मी छाती फुगवून सुनावलं, की माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय या कारखान्यातून एक ओळ बाहेर पडत नाही. तिने किल्ली आणि राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली.

मग मी स्वतः बसलो. चाळीस वेळा दार उघडलं. दर वेळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरांत 'दार उघडं' आणि लिफ्ट तरीही चालू! (मंगळवारी पडद्याकडे बघतो कोण, सगळे बुटाकडे बघत होते.) पडद्याला कळतंय आणि मोटरला नाही, हे बघून मी प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचली. पोरीच्या ओळीच्या वर कुणीतरी आणखी एक ओळ घुसडली होती, पडद्यावर दाखवण्यासाठी तोच कप्पा आधी वाचणारी. तक्रार त्या ओळीने ऐकली, पोरीच्या वाट्याला "कुठे काय?" आलं. पोरीच्या कामात तसूभरही खोट नव्हती.

तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : ती तुझ्याकडेच आहे ना? माझा फोन उचलत नाही. तिला म्हणावं, सोमवारी साहेब पुन्हा येताहेत, तू ये. मामा सगळ्यांदेखत माफी मागणार आहे. तिने तपासल्याशिवाय मी एकही लिफ्ट हलवणार नाही.

आणखी एक : ती ओळ कुणी घातली, हे ती विचारेलच. प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख आपोआप पडते. तारीख आदल्या रविवारची आहे. साहेबांना पडद्यावर मोठी अक्षरं दिसावीत म्हणून घातली होती. नाव माझं आहे.